जोगचा धबधबा : पाहणे आणि टिपणे

धबधबा पाहून आलेल्या माणसाला पूर्वी लोक विचारीत, "पाणी किती होते?" आता विचारतात, "फोटो कुठे आहेत?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. परंतु पहिल्याचे उत्तर ज्याला देता येत नाही, त्याने दुसऱ्याच्या उत्तरादाखल कितीही चित्रे पुढे केली तरी त्याने धबधबा पाहिला असे म्हणवत नाही. जोगच्या धबधब्याच्या निमित्ताने हेच थोडे विस्ताराने सांगावे, असा या लेखाचा उद्देश आहे.

या व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान यांवर अधिकारवाणीने बोलणारी मंडळी येतात. आम्ही यंत्रमाग कामगारांच्या संघटनेत काम करणारे. आमच्याकडून मजुरी, बोनस, फंड यांवर चार शब्द ऐकण्याची लोकांना सवय आहे. "तुमचा आणि धबधब्याचा काय संबंध?" असे कोणी विचारल्यास त्याला दोष देता येणार नाही. संबंध आहे, आणि तो आधी सांगून टाकतो.

निसर्ग पाहण्यास डोळे लागतात हे खरे. पण डोळ्यांच्या आधी सुटी लागते. मुंबईच्या गिरण्यांत माणसे आठवड्याचे सातही दिवस राबत होती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी सभा घेतल्या, अर्ज केले, हजारो कामगारांना एकत्र आणले, तेव्हा कोठे १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुटी मान्य केली. पुढे १९४८ च्या कारखाना कायद्याने वर्षाला २४० दिवस काम केलेल्या कामगाराला दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा दिली. हिशेब केला तर बारा दिवस होतात. बारा दिवसांत मुलीचे लग्न, आईचे आजारपण आणि गावची जत्रा उरकून एखादा दिवस शिल्लक राहिलाच, तर तो धबधब्याचा. आणि मागावरच्या कितीतरी कामगारांच्या वाट्याला तोही आला नाही. एकाच छपराखाली तीन नावांनी तीन कारखाने दाखवायचे आणि कामगारांची संख्या कायद्याच्या रेषेखाली ठेवायची, ही युक्ती आम्ही आयुष्यभर पाहत आलो आहोत. जो कापडावर मजुरी घेतो त्याचा एक दिवसाचा खाडा म्हणजे एका दिवसाची चूल. म्हणून आमच्या संघटनेत दरमहा थोडे पैसे बाजूला टाकून पावसाळ्यात एक सहल काढण्याची प्रथा पडली. बेळगाव, धारवाड, शिरसी, सिद्धापूर या वाटेने जोगला आम्ही अनेकदा गेलो. खाडा पाडून आलेल्या माणसाला धबधबा नीट दिसला पाहिजे, या काळजीपोटी जे वाचले, विचारले आणि पडताळून पाहिले, ते पुढे मांडत आहोत.

पाणी कोठून येते

जोगचा धबधबा शरावती नदीचा. ही नदी शिमोगा जिल्ह्यातील तीर्थहळ्ळी तालुक्यात अंबुतीर्थ येथे उगम पावते. रामाने बाण मारून पाणी काढले अशी तेथील कथा आहे. अंबु काय आणि शर काय, दोन्हींचा अर्थ बाणच. तेथून सुमारे १२८ किलोमीटरचा प्रवास करून ती होन्नावरजवळ समुद्राला मिळते. या प्रवासात सह्याद्रीचा कडा आडवा येतो, आणि नदी एकदम २५३ मीटर, म्हणजे ८३० फूट, खाली उतरते. दिल्लीचा कुतुबमिनार साडेतीन वेळा एकावर एक ठेवला तर जेवढी उंची होईल तेवढी ही आहे. भारतात हा पहिला की दुसरा, या वादात आम्ही शिरत नाही. उंचीच्या शर्यतीत पहिला आला नाही म्हणून धबधब्याचे काही अडत नाही.

कड्यावरून पाणी चार ठिकाणी उडी घेते, आणि चौघांना चार नावे आहेत : राजा, रोअरर, रॉकेट आणि राणी. राजा सरळ, कोठे न टेकता खाली येतो. रोअरर म्हणजे गर्जणारा. तो खडकांवर आदळत, घोंघावत उतरतो. रॉकेट अग्निबाणासारखा फुटून फुटून झेपावतो. राणी मात्र उतरत्या खडकांवरून पदर सावरत यावे तशी येते. मधली दोन नावे इंग्रजांनी ठेवली हे उघड आहे. इंग्रजी पुस्तकांत या धबधब्यालाच गेरसप्पा म्हणत. ते नाव खाली नदीकाठी असलेल्या गावाचे. त्या गावाची सोळाव्या शतकातील राणी चेन्नभैरादेवी हिला पोर्तुगीज 'मिरीची राणी' म्हणून ओळखत, इतका तिचा मिरीचा व्यापार मोठा होता.

मराठी वाचकाला आणखी एक गोष्ट माहीत असावी. धबधब्याचा दक्षिण काठ म्हैसूरचा, तर उत्तर काठ कारवार जिल्ह्याचा, आणि तो जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होता. म्हणून दरीच्या एका अंगाला म्हैसूर बंगला आणि दुसऱ्या अंगाला मुंबई बंगला अशी नावे पडली. राज्याच्या सीमा कागदावर सरकल्या. बंगल्याची नावे लोकांच्या तोंडी राहिली.

आता मुख्य मुद्दा. धबधब्याच्या वर सुमारे सहा किलोमीटरवर लिंगनमक्कीचे धरण आहे. ते १९६४ मध्ये पूर्ण झाले. तेव्हापासून शरावती धबधब्यावर स्वतःच्या मर्जीने येत नाही. पावसाळ्याच्या सुरुवातीला वरचे सारे पाणी धरणात अडते. कड्यावरून पडते ते धरणाच्या खालच्या रानात पडलेल्या पावसाचे पाणी. ते काही थोडे नसते, कारण हा भाग पावसाचे आगरच आहे. पण धरण भरले, पातळी १८१९ फुटांच्या पूर्ण रेषेजवळ आली आणि दरवाजे उघडले, की मग चार धारा चार राहत नाहीत. त्या एकमेकींत मिसळतात, आणि कडा दिसेनासा होतो. काही वर्षी पाऊस कमी पडतो, धरण भरत नाही, दरवाजे उघडत नाहीत. उन्हाळ्यात गेलात तर काळ्या खडकावर एखाद-दुसरी पांढरी रेघ दिसते, आणि "हाच का तो?" असे विचारणारी मंडळी कठड्याशी उभी असतात.

म्हणून जोगला जाणाऱ्याने पंचांगापेक्षा धरणाची पातळी पाहावी. पावसाळ्यात तेथील वर्तमानपत्रांत ती रोज छापून येते. जुलैअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंतचा काळ चांगला. पाऊस उतरू लागल्यावर धुके कमी होते आणि पाणी टिकून असते.

पाणी पडते कसे

धबधब्यासमोर उभे राहून पाण्याचा एक पुंजका डोळ्यांनी पकडावा आणि तो तळापर्यंत सोडू नये. हा खेळ आम्ही सहलीतल्या प्रत्येकाला खेळायला लावतो. हवेचा अडथळा नसता तर २५३ मीटर पडायला सात सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागला असता, आणि तळाशी पाण्याचा वेग तासाला सुमारे अडीचशे किलोमीटर झाला असता. प्रत्यक्षात डोळ्यांनी पकडलेला पुंजका सात आकडे मोजून संपले तरी खाली पोहोचत नाही. कारण हवा त्याला अडवते. वरून जाड दोरखंडासारखे सुटलेले पाणी हवेने पिंजले जाते. त्याचे पेळू होतात, पेळूंचे तंतू, तंतूंचे थेंब, आणि थेंबांचे धुके. मोठ्यात मोठा पावसाचा थेंबसुद्धा हवेत सेकंदाला नऊएक मीटरपेक्षा वेगाने पडू शकत नाही. म्हणून वरचे पाणी धावत येते आणि खालचे तरंगत येते. एकाच धारेत हे दोन वेग असतात, आणि धबधब्याकडे तासन्‌तास पाहत राहिले तरी कंटाळा येत नाही त्याचे एक कारण हेच असावे.

पाण्याला रंग नसताना धबधबा पांढरा का दिसतो, हा प्रश्न सहलीत दरवेळी कोणीतरी विचारतोच. उत्तर सोपे आहे. स्थिर पाण्यातून प्रकाश आरपार जातो. पाण्यात हवेचे बुडबुडे मिसळले, किंवा हवेत पाण्याचे थेंब मिसळले, की प्रत्येक थेंबाच्या पृष्ठभागावरून प्रकाश वाकतो आणि परततो. सगळे रंग सारखेच परतले की त्यांची बेरीज पांढरी होते. साखरेचा एक खडा पारदर्शक असतो, पण दळलेली साखर पांढरी दिसते. तसाच हा प्रकार. मागावरच्या आमच्या एका सभासदाने याहून चांगले उदाहरण दिले : "कापूस पांढरा दिसतो तो पिंजल्यावर. हे पिंजलेले पाणी आहे."

इंद्रधनुष्याचेही असेच नियम आहेत. सूर्य पाठीशी हवा आणि तुषार समोर हवेत. आपल्या सावलीचे डोके जेथे पडते किंवा पडले असते, त्या बिंदूभोवती सुमारे ४२ अंशांवर कमान उमटते. हात लांब करून पंजा ताणला तर अंगठ्यापासून करंगळीपर्यंत साधारण वीस अंश होतात. म्हणजे सावलीच्या डोक्यापासून दोन वितींवर पाहावे. सपाट जमिनीवरच्या माणसाला अर्ध्या वर्तुळाहून अधिक कमान दिसत नाही. दरीच्या काठावर उभ्या असलेल्याच्या पायाखालीही तुषार असतात. म्हणून त्याला कधीकधी अर्ध्याहून अधिक दिसते. आपली सावली धबधब्याच्या उलट दिशेला पडत असेल तर इंद्रधनुष्याची वाट पाहत बसू नये. गरम कणीस खावे.

फोटो कसा काढावा

आम्ही छायाचित्रण शिकलो ते रोलच्या कॅमेऱ्यावर. चाळीस माणसांच्या सहलीला छत्तीस फोटोंचा एक रोल, असा हिशेब असे. त्यामुळे बटण दाबण्याआधी विचार करावा लागे. आता खिशातल्या फोनवर हजार चित्रे निघतात. ही सोय झाली, तक्रार करण्यासारखे त्यात काही नाही. पण विचार मात्र अजून तेवढाच करावा लागतो, म्हणून चार गोष्टी सांगतो.

पहिली गोष्ट वेळेची. धार सेकंदाला वीस मीटर वेगाने पडते असे धरू. कॅमेऱ्याची झडप सेकंदाचा हजारावा भाग उघडली तर तेवढ्यात पाणी दोन सेंटिमीटर सरकते. थेंबन् थेंब सुटा दिसतो. साठावा भाग उघडली तर ते फूटभर सरकते आणि धारेला लव फुटल्यासारखी दिसते. अर्धा सेकंद उघडी ठेवली तर दहा मीटर सरकते, आणि मग रेशमी वस्त्र टांगल्यासारखे चित्र येते. यासाठी कॅमेरा तिकाटण्यावर किंवा कठड्यावर पक्का ठेवावा लागतो. एकोणिसाव्या शतकातल्या फोटोंत धबधबे दुधासारखे दिसतात. त्या काळच्या काचा मंद होत्या आणि झडप काही सेकंद उघडी ठेवण्यावाचून इलाज नव्हता. आज तेच लोक हौसेने करतात. यातले खरे चित्र कोणते? आमच्या मते दोन्ही खरी आणि दोन्ही अपुरी. हजारावा भाग पाण्याचा जोर दाखवतो, अर्धा सेकंद त्याची वाट दाखवतो. डोळा या दोहोंच्या मध्ये कोठेतरी पाहतो. शक्य असेल त्याने दोन्ही काढावीत आणि शेजारी-शेजारी ठेवावीत.

दुसरी गोष्ट उजेडाची. कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे सारे जग मध्यम करड्या रंगाचे आहे असे गृहीत धरतो. समोर धुके आणि पांढरे पाणीच असेल तर तो त्यालाही करडे करून टाकतो. घरी येऊन पाहावे तो धबधबा राखेचा झालेला. अशा वेळी उजेड एक पायरी वाढवावा. उलट, उन्हाळ्यात काळ्याभोर खडकावर पाण्याची बारीक रेघ असेल तर मापक खडकाला उजळवू पाहतो आणि पाणी जळून कोरे पांढरे होते. तेव्हा उजेड कमी करावा. फोनवरही बोटाने हे करता येते. यंत्र आपल्यासाठी निर्णय घेते तेव्हा ते कोणत्या गृहीतावर घेते, हे कामगाराने विचारलेच पाहिजे. मागाच्या बाबतीत आपण विचारतो, कॅमेऱ्याच्या बाबतीत का विचारू नये?

तिसरी गोष्ट मापाची. धबधबा एकटाच चौकटीत घेतला तर तो ८३० फुटांचा की ८३ फुटांचा हे चित्रावरून कळत नाही. काठावरचे झाड, दरीवरून उडणारा पक्षी, समोरच्या अंगाच्या बंगल्याचे छप्पर, काहीतरी ओळखीचे चौकटीत असू द्यावे. त्याच्या शेजारी पाणी आपोआप आपली उंची सांगते.

चौथी गोष्ट धीराची. जुलै-ऑगस्टमध्ये जोगला दरी धुक्याने भरते. समोर पांढरा पडदा, मागे गर्जना, आणि दिसत काही नाही. बसचा वाहक घाई करतो, अर्धी मंडळी चहा पिऊन परततात. पण वारा फिरतो आणि पडदा सरतो. कधी पाच मिनिटे, कधी दोनच. जो थांबला त्याला दिसते. तोवर भिंगावरचे तुषार पुसत राहावे. त्यासाठी पुष्कळदा धुऊन मऊ झालेले सुती कापड उत्तम. साध्या कृत्रिम धाग्याचे पाणी फारसे शोषत नाही, नुसते पसरवते. हे आम्ही कापडवाले असल्यामुळे सांगत नाही, खरोखरीच तसे आहे.

आणि एक गोष्ट जिवाची. कठड्यापलीकडे जाऊन फोटो काढणे म्हणजे गार्ड काढलेल्या यंत्रात हात घालणे. शेवाळलेला खडक पायाला सांगून निसटत नाही. वरचे दरवाजे उघडले की पाणी पाहता पाहता चढते. दरीच्या तळाशी नेणाऱ्या हजाराहून अधिक पायऱ्या आहेत. ती वाट पावसात बंद ठेवतात, ती आपल्याला हिणवण्यासाठी नव्हे. कारखान्यात सुरक्षिततेसाठी भांडणाऱ्यांनी धबधब्यावर बेफिकीर व्हावे, हे आम्हांला पटत नाही.

पाणी कोठे जाते

आता चित्राच्या चौकटीत न येणारी गोष्ट. कड्यावरून पडत नाही ते पाणी जाते कोठे?

एक साधा हिशेब पाहा. सेकंदाला एक घनमीटर, म्हणजे दोनशे लिटरची पाच पिंपे भरतील एवढे पाणी, २५३ मीटर खाली आले तर त्यात सुमारे २,४८० किलोवॉट शक्ती असते. अश्वशक्तीत सांगायचे तर तीन हजार तीनशेच्या वर. साध्या यंत्रमागाला साधारण एका अश्वशक्तीची मोटर लागते. गळती, घर्षण वगैरे वजा करून अडीच हजार माग तरी त्यावर सहज चालावेत. पाच पिंपांवर अडीच हजार माग! हा हिशेब जोगच्या कठड्याशी उभे राहून सांगितला की आमचे सभासद गप्प होतात. वीज गेली की माग थांबतो आणि माग थांबला की मजुरी थांबते, हे ज्यांनी बारा-बारा तासांच्या पाळीत सोसले आहे, त्यांना पाण्याच्या प्रत्येक पिंपाची किंमत कोणी शिकवावी लागत नाही.

ही किंमत म्हैसूर संस्थानाच्या इंजिनियरांनाही कळत होती. जोगच्या वीजकेंद्राचे काम १९३९ मध्ये सुरू झाले आणि १९४८ मध्ये वीज वाहू लागली. वर सांगितलेला कारखाना कायदा आणि जोगची वीज एकाच वर्षातली, हा योगायोग आम्हांला आवडतो. केंद्राला आधी कृष्णराजेंद्र यांचे नाव होते, पुढे महात्मा गांधींचे देण्यात आले. पूर्ण झाल्यावर त्याची शक्ती १२० मेगावॉट होती. त्याला पाणी पुरवण्यासाठी बांधलेले हिरेभास्कर धरण पुढे लिंगनमक्कीच्या जलाशयात बुडाले. धरणाने धरण गिळले. उन्हाळ्यात पाणी फार उतरले की जुन्या धरणाचे बांधकाम वर डोकावते. लिंगनमक्कीच्या पाण्यावर शरावतीचे मोठे वीजकेंद्र उभे राहिले, १०३.५ मेगावॉटची दहा जनित्रे, एकूण १,०३५ मेगावॉट. त्याच्याही खाली गेरसप्पाला आणखी एक धरण आणि २४० मेगावॉटचे केंद्र आहे. म्हणजे तेच पाणी टप्प्याटप्प्याने पुनःपुन्हा कामाला जुंपलेले आहे. शरावतीइतकी राबणारी नदी आम्हांला दुसरी ठाऊक नाही.

पण नदी एकटी राबली नाही. धरणाच्या फुगवट्याखाली सागर आणि होसनगर तालुक्यांतली गावे गेली. त्यातला सागर तालुका शेतकऱ्यांच्या लढ्यासाठी प्रसिद्ध. तेथल्या कागोडू गावी १९५१ मध्ये कुळांनी सत्याग्रह केला होता. खंडाचे धान्य मोजायला जमीनदार नेहमीपेक्षा मोठे माप वापरीत, हे त्यांचे गाऱ्हाणे. राममनोहर लोहिया तेथे गेले आणि त्यांना अटक झाली. ज्या तालुक्यात मापासाठी आणि जमिनीसाठी माणसे तुरुंगात गेली, त्याच तालुक्यातली जमीन दहा-बारा वर्षांत पाण्याखाली गेली. उठवलेल्या कुटुंबांना जिल्ह्यात इतरत्र, पुष्कळदा वनजमिनीवर, वसवले गेले, आणि त्या जमिनीच्या हक्काचे कागद मिळवण्यासाठी त्यांची पुढची पिढीही कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवीत राहिली. फुगवट्याने तुटलेल्या सिगंदूरकडच्या लोकांना सहा दशके लाँचने ये-जा करावी लागली. तेथे सुमारे २.४ किलोमीटरचा पूल खुला झाला तो जुलै २०२५ मध्ये. सारे राज्य ज्यांच्या गावावरच्या पाण्याने उजळले, त्यांना पलीकडे जायला पूल मिळण्यास साठ वर्षे लागली.

हे वाचून महाराष्ट्राने नाक मुरडण्याचे कारण नाही. १९६२ पासून कोयनेची वीज आपल्या गिरण्या-कारखान्यांना मिळू लागली, आणि कोयनेच्या धरणग्रस्तांना आपल्या जमिनीसाठी पन्नास-साठ वर्षांनंतरही रस्त्यावर बसावे लागले. मागाचा खडखडाट ऐकताना त्या बसलेल्या माणसांची आठवण आम्हांला ठेवावी लागते.

मग धरण नको होते, असे आमचे म्हणणे आहे काय? नाही. वीज नको म्हणण्याची चैन मागावरच्या कामगाराला परवडत नाही. धबधबा बारा महिने वाहता ठेवावा, त्यासाठी काही करावे, अशा सूचना अधूनमधून येतात. त्या करणाऱ्यांच्या सौंदर्यदृष्टीबद्दल आम्हांला आदर आहे. पण आधी कागद, मग कारंजे, असा क्रम असावा. ज्यांची घरे बुडाली त्यांच्या हातात जमिनीचा कागद पडण्याआधी पर्यटकांसाठी पाणी सोडणे हे आम्हांला न्यायाचे वाटत नाही. हाच क्रम नव्या योजनांनाही लागू आहे. तळकळले आणि गेरसप्पा या दोन जलाशयांमध्ये पाणी वर-खाली फिरवून २,००० मेगावॉट वीज काढण्याची योजना पुढे आली आहे. सिंहपुच्छ वानराचे रान त्या वाटेत आहे, आणि लोकांचा विरोधही आहे. तेथे काय व्हावे हे तेथल्या लोकांना विचारून ठरावे. १९६४ ला जे विचारले गेले नाही, ते निदान या वेळी विचारले जावे.

फोटोखालच्या तीन ओळी

धबधब्याचा फोटो हा खोटा नसतो, तो फक्त गप्प असतो. त्याला बोलते करण्याचा एक साधा उपाय आमच्या सहलीत आम्ही पाळतो. चित्र कोणाला दाखवण्याआधी त्याखाली तीन ओळी लिहायच्या. पहिल्या ओळीत महिना आणि वर्ष. दुसऱ्या ओळीत पाणी : धरण किती भरले होते, दरवाजे उघडे होते की बंद. तिसऱ्या ओळीत माणसे : कोण बरोबर होते, आणि त्या दिवशी तेथे कोण कामावर होते.

पहिल्या दोन ओळींनी चित्राला काळ आणि कारण मिळते. वीस वर्षांची अशी चित्रे एकत्र ठेवली तर पावसाची आणि धरणाची एक वहीच तयार होते. अभ्यासकालाही ती उपयोगी पडेल. तिसरी ओळ लिहिताना मात्र लोक अडखळतात. कोण कामावर होते? तेव्हा आठवते, की कणीस भाजणारी बाई होती, वाहने लावून घेणारा पोरगा होता, पायऱ्यांवरचा कचरा उचलणारा होता. दिसले नाहीत तेही होते. वीजकेंद्र तीन पाळ्यांत चालते आणि रविवारी बंद राहत नाही. दरवाजे किती उचलायचे हे पाहणारा माणूस भर पावसात धरणावर असतो. आमचा रविवार लोखंडे यांनी मिळवून दिला. पण आम्ही तो उपभोगतो तेव्हा दुसरा कोणीतरी आपला रविवार बाजूला ठेवून आमच्यासाठी पाणी आणि उजेड सांभाळत असतो. त्याला त्याच्या बदल्यात दुसरा दिवस सुटी मिळते का, आणि तो कायम आहे की कंत्राटावर, हेही जमल्यास विचारून घ्यावे. आम्ही विचारतो. बहुतेक जण मोकळेपणाने सांगतात, आणि पुष्कळदा उलट विचारतात, "तुमच्याकडे मजुरी काय आहे?"

या पावसाळ्यात ज्यांना जाणे जमेल त्यांनी जोगला अवश्य जावे. पातळी पाहून जावे, धीर धरून थांबावे, कठड्याच्या आत राहावे, आणि फोटोंची संख्या कमी झाली तरी चालेल, पण तीन ओळी लिहिल्याशिवाय परतू नये.